शोध्याचं बाळ

तिला सगळे कडक मावशी म्हणायचे. हे नाव कपड्यांच्या खळीवरून पडलं की तिच्या तोंडावरून, यावर लॉन्ड्रीत दोन तट होते, आणि मावशी दोन्ही तटांना पुरून उरली होती. चौदाव्या वर्षी ती त्या लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहिली, ती पंचावन्न वर्षांची झाली तरी खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी उभी होती. मधे मालक तीनदा बदलले, कोळशाची इस्त्री जाऊन वाफेची आली, पायांच्या शिरा निळ्या होऊन वर आल्या. ती मात्र हलली नाही. ओलं बोट इस्त्रीला टेकवून न टेकवल्यासारखं करायची, 'चर्र' कसं होतंय ते ऐकायची आणि सांगायची, सुती चालेल, रेशमी नको. इस्त्रीचा काटा बघायची तिला कधी गरजच पडली नाही.

दर गुरुवारी लॉन्ड्रीचं काम उरकलं की ती चर्चचे कपडे घ्यायची. वेदीवरच्या लांब चादरी, फादरचे झगे, पेला पुसायचे रुमाल. चादरीवर सांडलेलं मेण टिपकागद ठेवून इस्त्रीच्या उबेने उचलायचं, ओरबाडायचं नाही. पेल्याखाली अंथरायचा चौकोनी रुमाल आतल्या बाजूने इकडून तीन पदरी, तिकडून तीन पदरी घडी घालायचा, नऊ घरं पडली पाहिजेत, म्हणजे पवित्र भाकरीचा एखादा कण राहिलाच तर आतल्या आत राहतो. हे काम ती फुकट करायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा नव्या पोरीने झग्याला खळ जास्त लावली, तेव्हा मावशी म्हणाली, "अगं, फादरला उभं करून ठेवायचंय का वेदीवर? त्यांना गुडघे टेकायचे असतात!"

संतांशी तिचे घरचे संबंध होते. गळा धरला की एक संत, डोळे आले की दुसरा, बाळंतपणाला तिसरी. अगदीच अशक्य कामांसाठी एक होता, पण त्याच्याकडे ती सहसा जायची नाही. म्हणायची, त्याच्या दारात आधीच गर्दी, आपण कशाला भर घालायची! तिच्या हिशेबी देव म्हणजे मोठा साहेब, आणि संत म्हणजे तिथं आधीपासून लागलेली आपली माणसं. फादरनी एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"मावशी, वशिला कसला? तुम्ही शेजारणीला म्हणता ना, माझ्यासाठी देवाकडे दोन शब्द टाक? तेवढंच. देणारा तो एकच. संत फक्त आपल्याबरोबर मागतात. आणि जे गेले ते काही परके झाले नाहीत. आपण त्यांच्यासाठी मागायचं, त्यांनी आपल्यासाठी."

"तेच म्हणतेय मी, फादर," मावशी म्हणाली, "वशिला."



सगळ्यांत जवळचा तिचा संत अंतोनी, हरवलेलं शोधून देणारा. त्याला ती 'शोध्या' म्हणायची, अगदी तोंडावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली ती. कात्री हरवायची, बोटात घालायचं अंगुस्तान हरवायचं, चष्मा हरवायचा तो डोक्यावरच असायचा. "शोध्या, विनंती कर रे बाबा, कात्री गेली," एवढं म्हटलं की कात्री कपड्यांच्या ढिगातून वर यायची. बाजूच्या बायका हसायच्या. पण त्यांचं काही हरवलं की याच बायका गुपचूप मावशीच्या टेबलाशी यायच्या.

चर्चमध्ये डाव्या हाताला, खांबाच्या आडोशाला त्याचा पुतळा होता. तपकिरी झगा, एका हातात पुस्तक आणि पुस्तकावर बसलेला बाळ येशू, वीतभरसुद्धा नाही. ते बाळ वेगळं घडवलेलं होतं, पुस्तकातून वर आलेल्या एका छोट्या खुंटीवर बसवलेलं. हे मावशीला माहीत होतं, कारण शोध्याच्या पायाखालची चादर तीच बदलायची आणि बाळाची धूळही तीच पुसायची.

घरी नवरा. खिडक्यांना काचा बसवायचं काम करायचा, बोलायचा फार कमी. रोज संध्याकाळी जेवणाआधी दोघं गुडघे टेकून संतांची लांबलचक नामावली म्हणायची. ती एकेक नाव घ्यायची आणि तो दर नावाला म्हणायचा, "आमच्यासाठी विनंती कर." दिवसभरात तो जेवढं बोलायचा त्यातलं अर्धं बोलणं हेच असावं.

आणि मुलगा. एकुलता एक. जिना चढताना तिसरी पायरी करकरते म्हणून ती गाळून चढणारा. शीळ घालत यायचा, आईने डोळे वटारले की शीळ थांबायची आणि हसू सुरू व्हायचं. त्याच्या गडद निळ्या लोकरी कोटाला इस्त्री करताना एकदा मावशीचं लक्ष कुणाशी तरी भांडण्यात गेलं आणि पाठीमागे, खालच्या काठाशी, इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत डाग उठला. एवढी नावाजलेली इस्त्रीवाली आणि पोटच्या पोराचा कोट भाजला! तिला रडू यायचं बाकी होतं. पोरगा कोट पुढेमागे फिरवून बघत म्हणाला, "असू दे गं. आईची सही आहे." आणि गावभर मिरवायचा.

तो मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत तेलपाणी बघायला लागला. उन्हाळ्यात गेला म्हणून कोट कपाटातच राहिला. जहाज बुडालं. अकराजण होते, सातजणांचे देह मिळाले. चौघांच्या घरी पत्रं आली, त्यात एकच शब्द होता, बेपत्ता.

या शब्दाने त्या घराची काय दशा केली, ती ज्यांच्याकडे असं पत्र आलंय त्यांनाच कळेल. मेला म्हटलं असतं तर रडून घेतलं असतं. जिवंत म्हटलं असतं तर दारात उभं राहून वाट पाहिली असती. इथं रडायचीही चोरी.

चर्चच्या दाराशी दोन लाकडी पेट्या होत्या. एकीवर लिहिलेलं 'जिवंतांसाठी', दुसरीवर 'मृतांसाठी'. चिठ्ठीवर नाव लिहून टाकायचं, रविवारच्या मिस्सेत फादर ती नावं वाचायचे आणि सगळी मंडळी त्यांच्यासाठी मागायची. तिसरी पेटी नव्हती. पहिलं वर्षभर नवरा-बायको दोघंही पोराची चिठ्ठी पहिल्या पेटीत टाकत राहिली. वर्ष उलटलं आणि एका रविवारी नवऱ्याचा हात दुसऱ्या पेटीकडे वळला. मावशीने तो तिथल्या तिथे धरला.

घरी आल्यावर तो जन्मात बोलला नसेल एवढं बोलला. "समज तो गेला असेल. तिकडे शुद्धीस्थानात, स्वर्गाच्या अलीकडे, वाट बघत असेल. प्रत्येकाच्या नावाने घरचं कोणी ना कोणी मागतंय, आणि आपल्या पोराच्या नावाने कोणीच नाही. तो काय म्हणत असेल? आईबापाला माझी आठवणसुद्धा नाही?"

"आणि समज जिवंत असेल!" मावशी ओरडली. "डोक्याला मार लागून कुठल्या तरी हॉस्पिटलात पडला असेल, स्वतःचं नाव विसरला असेल. आणि इथं त्याचा बाप त्याला मेलेल्यांच्या पेटीत टाकतोय? जित्याजागत्या पोराला स्वतःच्या हाताने?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मागावं तर पोराला मारल्यासारखं, न मागावं तर मेलेल्या पोराला उपाशी ठेवल्यासारखं. दोघंही खरं बोलत होती, म्हणूनच तर भांडण मिटेना. नवऱ्याने पुन्हा विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून तो कुठल्याच पेटीत चिठ्ठी टाकेना.

मावशीने मग स्वतःच्या पद्धतीने निकाल लावायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी चर्च रिकामं असताना चादरी घेऊन गेली आणि शोध्यासमोर उभी राहिली. तिने लहानपणी म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलं होतं, की हा संत फारच चालढकल करायला लागला तर त्याचं बाळ काढून घ्यावं. नाक दाबलं की तोंड उघडतं, मग संत का असेना.

"वर्ष झालं," ती म्हणाली. "कात्र्या शोधून देतोस, चष्मे शोधून देतोस. माझं पोर शोधून द्यायला तुझं काय जातं? देवाकडे नीट मागितलंस तरी का? आता बघ. माझं मला आणून दे, मग तुझं तुला."

आणि तिने ते बाळ खुंटीवरून उचललं, एप्रनच्या खिशात घातलं आणि घरी आणलं. कुठं ठेवावं? जिथं कोणी हात लावत नाही तिथं. पोराच्या कोटाच्या आतल्या खिशात तिने ते ठेवलं आणि कपाट लावलं.

फादरनी रविवारी जाहीर केलं, ज्याने कोणी बाळ नेलं असेल त्याने निमूट आणून ठेवावं, काही विचारणार नाही. झाडलोट करणारी बाई मावशीच्या कानाशी लागून म्हणाली, "काय एकेक माणसं असतात! हात झडतील मेल्याचे." मावशी स्वतःच्या हातांकडे बघत बसली. त्या दिवसापासून ती प्रसाद घ्यायला बाकावरून उठली नाही. घ्यायचा तर आधी कन्फेशनला, फादरपुढे पापाची कबुली द्यायला, जावं लागलं असतं आणि तिथं सांगितलं असतं तर बाळ परत ठेवावं लागलं असतं. परत ठेवलं म्हणजे सौदा मोडला. सौदा मोडला म्हणजे पोरगा यायचा नाही. सगळी रांग पुढं जायची आणि ती एकटी गुडघे बाजूला घेऊन लोकांना वाट द्यायची.

संध्याकाळच्या नामावलीत शोध्याचं नाव आलं की तिची जीभ अडायची. ती ते गाळून पुढच्या नावावर जायची. नवऱ्याच्या ते लक्षात आलं होतं, कारण त्याचं 'आमच्यासाठी' तोंडातून निघून हवेत राहायचं. पण त्याने विचारलं नाही.

आणि मग घर वाजायला लागलं.

संध्याकाळी जिन्यावर पाय वाजायचे. पहिली पायरी, दुसरी, आणि मग थेट चौथी. वरच्या मजल्यावर राहणारे लोक सगळ्या पायऱ्यांवर पाय देतात, तिसरी करकरतेच. हे पाय ती गाळायचे. मावशी हातातलं काम तसंच धरून थांबायची. पाय दारापर्यंत यायचे आणि तिथून पुढे काही नाही. ती स्वतःला म्हणायची, बाई, कान वाजतायत तुझे. पण एका संध्याकाळी ती चुलीशी होती, पाय वाजले, पहिली, दुसरी, चौथी, आणि नवरा हातातली काच खाली ठेवून उठला आणि त्याने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. तो बराच वेळ उभा राहिला.

"वारा," तो म्हणाला आणि दार लावलं.

लॉन्ड्रीत शर्टाची बाही लाकडी फळीवर चढवून तिने वाफ सोडली की बाही फुगायची, क्षणभर आत कोणाचा तरी हात असायचा आणि मग बसायची. चाळीस वर्षं ती हे बघत आली होती. आता मात्र तिला त्या क्षणाची भीती वाटू लागली. ती बाही फुगायच्या आधीच इस्त्री दाबायची. घाईत एकदा तिचं मनगट भाजलं.

सगळ्यांत वाईट काय, तर शोध्या रागावला नाही. तिला वाटलं होतं, आता तो डूख धरेल. तिने तर त्याला हाक मारणंही सोडलं होतं. पण कात्री हरवायची आणि हाक न मारताच समोर यायची. अंगुस्तान गटारात गेलं असं ती धरून चालली होती, ते पदराच्या टोकात अडकलेलं निघालं. गुरुवारी चादर बदलायला ती मान खाली घालून जायची, तरी त्याचा तो हात दिसायचाच, पुढे केलेला, पुस्तक उघडं, वर ओकीबोकी खुंटी. आपलं लेकरू गेलेलं आणि हा दुसऱ्यांच्या कात्र्या शोधत फिरतोय. बापाची ही कळ तिला ठाऊक होती, तिच्याच घरात एक बाप काचा कापत बसलेला होता. ती भरभर चादर ओढायची आणि निघायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अशी दोन वर्षं गेली. जहाजाला तीन झाली.

दर रविवारी ती कपाट उघडायची, कोटाच्या खांद्यावरून हात फिरवायची आणि आतला खिसा चाचपायची. त्या वर्षी थंडी लवकर पडली. एका रविवारी तिने कपाट उघडलं तर नुसता हँगर.

"कोट कुठाय?"

नवरा खिडकीशी होता. "दिला," तो म्हणाला. "चर्चच्या कपड्यांच्या पेटीत टाकला. रस्त्यावर माणसं कुडकुडतायत, आणि आपण लोकर कसरीला खाऊ घालतोय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिलास असतास?"

मावशी हँगर हातात घेऊन खाली बसली. नवऱ्याला वाटलं, कोटासाठी. तो जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेला आणि तिने तो झटकला. ती काय सांगणार? की देवाचं बाळ तुझ्या कसरीच्या कोटात होतं? तिने शोध्याचं बाळ दडवलं, आणि ते आता तिचंही हरवलं. हरवलेल्यासाठी कुणाकडे जायचं ते तिला पाठ होतं. पण कुठल्या तोंडाने जायचं? ज्याचं चोरलं त्यालाच म्हणायचं, तुझं बाळ कुठाय ते जरा शोधून दे? दुसरा कोणी असता तर तीच आधी पोट धरून हसली असती.

झाडलोटवाली बाईच कपडे वाटायची. तिला विचारलं तर म्हणाली, "एका दिवसात सगळे कोट गेले बघा. तुमच्या घरचा होता हे सगळ्यांना सांगितलं मी, समुद्रात गेलेल्या पोराचा म्हणून. पण कोणी नेला ते नाही आठवत. देणारे ध्यानात राहतात, घेणाऱ्यांचे चेहरे कोण बघतंय?"

मग मावशीने रस्त्यावरच्या कोटांकडे बघायला सुरुवात केली. लॉन्ड्रीत जाताना, येताना, बाजारात. निळा कोट दिसला की पाठीमागे जायची, काठ बघायची. एका बाईने तिला पाकीटमार समजून हात उगारला. सगळी थंडी अशी गेली, अडीच महिने.

आणि एके दुपारी, धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं, ती लॉन्ड्रीतून गठ्ठा घेऊन निघाली आणि चौकात तिला तो दिसला. पाठमोरा. गडद निळा कोट, खांदे थोडे पुढे झुकलेले, मान तशीच एका बाजूला. कोटाच्या खालच्या काठाशी इस्त्रीच्या टोकाएवढा डाग धुक्यातही चकाकत होता. आणि तो शीळ घालत होता.

कोट दुसऱ्याच्या अंगावर असणार, हे तिला माहीत होतं. अडीच महिने ती दुसरं काही शोधतच नव्हती. पण त्या क्षणी ते सगळं पुसलं गेलं. पोरगा परत आला होता, एवढंच राहिलं. तिने गठ्ठा रस्त्यात टाकला आणि पळत सुटली. पंचावन्न वर्षांची बाई, निळ्या शिरांच्या पायांनी, भर रस्त्यात. तिने त्याला घरातल्या नावाने हाक मारली, त्या नावाने फक्त तीच हाक मारायची.

तो वळला. चाळिशीचा माणूस, दाढीचे खुंट पांढरे, हातात जाड ब्रश, कोटावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. रस्त्यावरचे पट्टे रंगवणारा होता. त्याच्यामागे रस्त्यावर ओला पट्टा होता आणि मावशीचा एक पाय त्यातच पडला होता.

"बाई, जरा बघून," तो म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि ब्रश खाली ठेवला. "काय झालं? बसा, इथं बसा."

त्याने रंगाचा रिकामा डबा उपडा करून तिला बसवलं. तिने नुसता कोटाचा काठ धरला आणि डागावर अंगठा ठेवला.

"हा तुमच्याकडचा का?" त्याने हळूच विचारलं. "समुद्रात गेला तो, तुमचा?"

ती मानेने हो म्हणाली. आणि म्हणाल्यावर तिच्या लक्षात आलं, की 'गेला' या शब्दाला तिने तीन वर्षांत पहिल्यांदा हो म्हटलं.

माणूस अवघडला. कोट काढू लागला. "घ्या, न्या. मी दुसरा बघीन."

"राहू दे. आतल्या खिशात..."

त्याने आत हात घातला आणि ते बाळ काढलं. फडक्यात नीट गुंडाळलेलं होतं. कोपर जरा खरचटलं होतं, बाकी जसंच्या तसं.

"मला वाटलं, त्याच्या आईनेच ठेवलं असणार," तो म्हणाला. "कुणाच्या आईने ठेवलेलं टाकवेना. म्हणून तसंच ठेवलं." मग थोडा थांबून, रस्त्याकडे बघत म्हणाला, "एक सांगू का? हसू नका. माझा जोडीदार दोन वर्षांपूर्वी या असल्याच धुक्यात गाडीखाली गेला. माझ्या शेजारी. तेव्हापासून रस्त्यात उतरायचं म्हणजे माझे पाय लटपटतात. काम सोडावं म्हटलं तर दुसरं येत नाही. मी काही फार चर्चला जाणारा नाही. लहानपणी आईने शिकवलं तेवढं. पण कोट मिळाला आणि कपडे वाटणाऱ्या बाईने सांगितलं कुणाचा ते, तेव्हापासून सकाळी अंगात घालताना मी त्याला म्हणतो, बाबा रे, तुझं तर होऊन गेलं, आता तू देवाजवळ आहेस, माझ्यासाठी विनंती कर. गाड्या बघ जरा. नाव ठाऊक नाही ना, म्हणून नुसतं 'कोटवाल्या' म्हणतो." तो ओशाळून हसला. "ऐकतो तो. खरंच सांगतो. पाय लटपटत नाहीत आता."

मावशी डब्यावर बसून राहिली. हातात ते बाळ. धुक्यातून एक गाडी आली, दिवे लावून, आणि त्या माणसाला वळसा घालून हळू गेली. तीन वर्षं तिने पोराबद्दल देवाला विचारलं, संताला विचारलं, जहाजाच्या कंपनीला विचारलं. खुद्द पोराशी ती एकदाही बोलली नव्हती. हरवलेल्याशी कोण बोलतं? हरवलेल्याला नुसतं शोधतात. तो दाराशी येऊन थांबत होता आणि कोणी त्याला काही म्हणत नव्हतं. आणि हा परका माणूस रोज सकाळी त्याच्याशी बोलत होता, त्याला काम सांगत होता, आणि पोरगा ते करत होता. आळशी नव्हताच तो कधी. मावशी रडली. भर चौकात, मोठ्याने, तीन वर्षांचं एकदम.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि कोटाकडे बघितलं. "चौथं बटण लोंबतंय," ती म्हणाली. "काय माणूस आहेस? थंडीत असं हिंडतात?" सुई-दोरा एप्रनच्या कडेला कायमच टोचलेला असायचा. तिने कोट त्याच्या अंगावरच ठेवून बटण शिवलं आणि दोरा दाताने तोडला. मग त्याला पोराचं नाव सांगितलं. "कोटवाल्या नको म्हणूस. नावाने हाक मार, लवकर ऐकतो."

चर्चमध्ये झाडलोटवाली बाई बाक पुसत होती. मावशी सरळ खांबाकडे गेली. बाळ खुंटीवर बसवताना दोनदा तिरपं बसलं, तिसऱ्यांदा नीट बसलं. सौदा तर मोडलाच होता. त्याचं त्याला मिळालं होतं. आणि तिचं? त्याने खरंच शोधून दिलं होतं, फक्त ती ज्या बाजूला बघत होती त्या बाजूला नव्हतं ते. "माफ कर रे," ती म्हणाली. एवढंच जमलं.

"अगंबाई! सापडलं?" बाई फडकं टाकून धावत आली. "कुठं होतं?"

"माझ्याकडे," मावशी म्हणाली. "मीच नेलं होतं. हात झडतील म्हणाली होतीस ना, बघ, अजून आहेत. शनिवारी कन्फेशनला जाणार आहे, फादरना आधीच सांगून ठेव, वेळ लागेल म्हणावं."

मावशी दाराशी गेली, चिठ्ठी लिहिली, आणि दोन पेट्यांसमोर उभी राहिली. पोचला असेल देवाजवळ, तर आपलं मागणं वाया जात नाही, फादर म्हणतात, ते दुसऱ्या कुणाच्या कामी येतं. आणि वाटेवर असेल तर आईचा तेवढाच हात. तिने चिठ्ठी दुसऱ्या पेटीत टाकली. कागद लाकडावर पडल्याचा आवाज झाला, अगदी थोडा. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार थोडा.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, बाळ, कोट, पट्टे रंगवणारा माणूस, पेटी. तो ऐकत राहिला. जेवणाआधी दोघांनी गुडघे टेकले. ती नावं घेत गेली, तो उत्तर देत गेला. शोध्याचं नाव आलं आणि या वेळी तिने ते गाळलं नाही, 'संत अंतोनी', पूर्ण घेतलं. नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "आमच्यासाठी विनंती कर."

यादी संपली. रोज ती इथं उठायची. आज उठली नाही. जिन्यावर पाय वाजले, पहिली, दुसरी, चौथी, आणि दाराशी थांबले. दोघांनीही ऐकलं. मावशीने दाराकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटले आणि शेवटच्या संताच्या नावानंतर आपल्या लेकाचं नाव घेतलं, घरातलं, ज्या नावाने ती त्याला जेवायला बोलवायची.

नवऱ्याला वेळ लागला. त्याने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा 'आमच्यासाठी'वरच थांबला. पण त्याने ते म्हटलं, सगळं, एक शब्द न गाळता.

"आमच्यासाठी विनंती कर."